प्रयोगशाळेत रसायन सांडलं तर काय करायचं?

शाळेच्या प्रयोगशाळेत काही सांडलं की हात आधी फडक्याकडे जातो. नव्या शिक्षकांनी आणि प्रयोगशाळा साहाय्यकांनी सगळ्यात आधी ही सवय मोडायला हवी. फडकं उचलण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली पाहिजेत: कुणाच्या अंगावर किंवा डोळ्यांत उडालं का, आणि सांडलंय ते नेमकं काय? फरशी दहा मिनिटं थांबू शकते, डोळा दहा सेकंदही थांबू शकत नाही. खालचा सगळा क्रम या हिशेबाने लावला आहे.

पहिलं मिनिट

मोठ्याने, स्पष्ट आवाजात सांगा: "सगळे थांबा, हातातलं खाली ठेवा, मागे सरका." मुलं घाबरून धावली की दुसरं चंचुपात्र कलंडतं किंवा सांडलेल्यावर पाय पडतो, आणि मग बुटांच्या तळव्यांबरोबर रसायन सगळ्या खोलीभर फिरतं. सांडलेल्या जागेपासून निदान दोन-तीन मीटरचा भाग मोकळा करा. बर्नर आणि स्पिरिटचे दिवे बंद करायला सांगा. मात्र जे सांडलंय ते पेट घेणारं असेल तर त्याच्या जवळच्या बर्नरपाशी जाऊ नका, मुख्य गॅसची झडप लांबूनच बंद करा.

यानंतर कामं वाटून घ्या. ज्याच्या अंगावर उडालं असेल त्याच्याजवळ एक मोठा माणूस, मुलांना बाहेर नेण्यासाठी दुसरा आणि सांडलेल्याकडे तिसरा. तिघं नसतील तर कामं उलट्या क्रमाने गळत जातील, म्हणजे सांडलेलं आवरण्याचं काम सर्वांत आधी सोडून द्यायचं. तुम्ही एकटेच असाल आणि एखाद्या मुलाच्या डोळ्यांत उडालं असेल, तर फरशीकडे बघायचंसुद्धा नाही.

डोळ्यांत गेलं असेल तर

डोळ्यात काही गेलं की पापणी आपोआप घट्ट मिटते. ती उघडणं त्या मुलाच्या हातात नसतं, म्हणून "डोळे उघड" असं सांगत बसून उपयोग नाही. आपणच दोन बोटांनी वरची आणि खालची पापणी वेगळी धरायची. डोळे धुण्याचा ठरावीक नळ असेल तर तिथे न्या. नसेल तर साध्या नळाला लावलेली मऊ नळी किंवा सतत ओतलेला पाण्याचा तांब्याही चालतो. डोकं असं कलतं करा की दुखरा डोळा खालच्या बाजूला राहील आणि पाणी नाकाकडून कानाकडे वाहील. उलट धरलं तर एका डोळ्यातलं रसायन दुसऱ्यात जातं. पाण्याची धार हळू असावी, जोरदार फवारा बुबुळाला इजा करू शकतो.

घड्याळ लावून किमान २० मिनिटं धुवा. दोन-तीन मिनिटांनी मूल म्हणतं, "आता बरं वाटतंय," आणि धुणं थांबतं. सगळ्यात मोठी फसगत इथेच होते, विशेषतः अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा दाहक पदार्थ) असेल तेव्हा. आम्लामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि काही प्रमाणात पुढचा मार्ग अडतो. सोडिअम हायड्रॉक्साइडसारखी अल्कली पेशींमधली स्निग्ध द्रव्यं विरघळवत आत शिरते आणि दुखणं कमी झालं तरी तिचं काम आत चालूच राहतं. म्हणून विरल (पातळ) असो वा संहत (तीव्र), अल्कली डोळ्यात गेली की पूर्ण वेळ धुवायचं आणि मग थेट डॉक्टरांकडे न्यायचं. शक्य असेल तर वाटेतही पाणी सोडत राहा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती धुता धुता काढा, ती काढण्यासाठी धुणं थांबवू नका. डॉक्टरांना रसायनाचं नाव आणि त्याची संहती लागते, म्हणून बाटलीवरच्या लेबलचा फोटो काढून सोबत द्या.

अंगावर पडलं असेल तर

पाणी सुरू करा आणि पाण्याखालीच भिजलेले कपडे, मोजे, घड्याळ काढा. कपड्यात भिजलेलं आम्ल त्वचेला चिकटूनच राहतं. अंगरखा डोक्यावरून ओढून काढू नका, रसायन चेहऱ्यावरून जातं. बटणं उघडा, नाहीतर सरळ कात्रीने कापा. चेहऱ्यावर उडालं असेल तर आधी गॉगलसकट चेहरा धुवा, गॉगल नंतर काढा. आधी काढला तर कपाळावरचा थेंब डोळ्यात घरंगळतो. इथे १५ ते २० मिनिटं वाहतं पाणी हा नियम पाळायचा. फक्त कळीच्या चुन्यासारखी कोरडी भुकटी पडली असेल तर आधी ती कोरडीच झटकून टाका, मग भरपूर पाणी घाला. ओला होताना चुना तापतो.

त्वचेवर सोडा किंवा लिंबाचं आम्ल लावून उदासिनीकरण करू नका. वहीत बरोबर असलेली ही अभिक्रिया अंगावर उष्णता सोडते, आणि सोड्याचा डबा शोधण्यात गेलेला वेळ धुण्यातून वजा होतो. फिनॉलची वेगळी काळजी घ्या. ते पडलेली जागा पांढरी पडते आणि बधिर होते, त्यामुळे दुखत नाही आणि मूल सांगतही नाही.

काय सांडलंय ते ओळखा

बाटलीवरचं लेबल वाचा, ज्या मुलाच्या हातून सांडलं त्याला न रागावता विचारा, फळ्यावर लिहिलेला प्रयोग बघा. न रागावता विचारणं खरोखर महत्त्वाचं आहे. ओरडा बसेल या भीतीने मुलं "पाणीच होतं" म्हणतात. प्रत्येक रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात १६ भाग असतात. घाईच्या वेळी त्यातले तीन लागतात: प्रथमोपचारासाठी ४, सांडल्यावरच्या उपायांसाठी ६ आणि हातमोजे-गॉगलसाठी ८. तुमच्या कपाटात असलेल्या प्रत्येक रसायनाची ही तीन पानं छापून दाराजवळ एका फाइलमध्ये लावून ठेवा. आणीबाणीत कुणी संगणक उघडत बसत नाही.

काही सांडणी शाळेने स्वतः आवरू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. ५० मिलिलिटरपेक्षा जास्त संहत आम्ल किंवा संहत अमोनिया, कितीही थोडं ब्रोमीन, लेबल नसलेला द्रव, एकमेकांत मिसळलेली दोन रसायनं, तपकिरी किंवा पिवळसर वायू. यांपैकी काहीही असेल तर जाता जाता सहज उघडता येतील तेवढ्या खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, दार लावून घ्या आणि अग्निशमन दलाला बोलवा. नायट्रिक आम्ल तांब्यासारख्या धातूवर पडलं की तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तो श्वासातून गेला तर त्या वेळी फक्त थोडा खोकला येतो, फुप्फुसांत पाणी साठायला कित्येक तासांनी सुरुवात होऊ शकते. अशा वायूत श्वास घेतलेल्या मुलाला बरं वाटत असलं तरी घरी पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा.

विरल आम्ल आवरणं

शाळेत बहुतेक वेळा सांडतं ते हेच, आणि ते तुम्ही स्वतः नीट आवरू शकता.

१. गॉगल, ॲप्रन, हातमोजे घाला. पायात बंद बूट हवेत.

२. फुटलेली काच असेल तर चिमट्याने उचलून जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका. हातमोजा घातलेला असला तरी बोटांनी उचलू नका. कापलेल्या मोज्यातून आम्ल आणि काच दोन्ही आत जातात.

३. सांडलेल्याभोवती खाण्याच्या सोड्याचा, म्हणजे सोडिअम बायकार्बोनेटचा, गोल बांध घाला. मग कडेकडून मध्याकडे सोडा भुरभुरवत जा. मध्ये एकदम मूठभर टाकला की फेस उसळतो, आम्लाचे शिंतोडे वर उडतात आणि द्रव बाहेरच्या बाजूला पसरतो.

४. फसफसणं थांबेपर्यंत सोडा टाकत राहा. थांबल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने लगदा ढवळा. पुन्हा फसफसला तर आत आम्ल शिल्लक आहे.

५. पीएच कागद (आम्लता मोजणारा कागद; ७ म्हणजे उदासीन) लावून बघा. ६ ते ८ च्या दरम्यान आलं की लगदा सुपलीत भरा आणि जागा दोनदा ओल्या फडक्याने पुसा.

६. टेबलाच्या कडेखालची बाजू, खणांच्या मुठी, स्टुलांचे पाय तपासा. आम्ल कडेवरून खाली ओघळतं आणि तिथे तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी भलत्याच मुलाचा हात भाजतो तो यामुळे.

सोडा किती लागेल याचा अंदाज आधीच असावा. १ मोलर (मोलर हे संहतीचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिलिलिटर सांडलं तर सुमारे साडेआठ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन चमचे. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलिटर असेल तर सुमारे १० ग्रॅम. संहत सल्फ्युरिक आम्ल तेवढंच, १० मिलिलिटर, असेल तर मात्र ३१ ग्रॅम, आणि त्यातून जवळजवळ ९ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. हाच हिशेब ५०० मिलिलिटरच्या फुटलेल्या बाटलीला लावा: दीड किलोहून जास्त सोडा, चारशे लिटरहून जास्त वायू, त्यासोबत उडणारे आम्लाचे बारीक तुषार आणि प्रचंड उष्णता. ५० मिलिलिटरची मर्यादा आम्ही का घालतो ते या आकड्यांवरून कळेल.

सोड्याऐवजी फळ्याचा खडू कुटून टाकायची कल्पना पुष्कळांना सुचते. ती नको. आजचा फळ्याचा खडू बऱ्याचदा जिप्समचा, म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचा असतो, त्याची आम्लाशी अभिक्रियाच होत नाही. खडू खरोखर कॅल्शिअम कार्बोनेटचा असला तरी सल्फ्युरिक आम्लात प्रत्येक कणावर कॅल्शिअम सल्फेटचं कवच चढतं. फसफसणं थांबतं, काम झालंसं वाटतं, आणि मोकळं आम्ल लगद्यात तसंच असतं. कॉस्टिक सोड्याने आम्ल मारणं त्याहून वाईट: उष्णता भरपूर सुटते, आणि थोडा जास्त पडला की हाताला तोच जाळतो. बायकार्बोनेट चुकून जास्त पडला तरी काही बिघडत नाही, आणि काम संपल्याचं तो स्वतः फसफसायचा थांबून सांगतो.

संहत सल्फ्युरिक आम्ल

मर्यादेच्या आतलं असलं तरी याची पद्धत वेगळी. सांडलेल्या संहत आम्लावर पाणी ओतू नका. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लात पाणी मिसळताना इतकी उष्णता निघते की पाणी उकळून आम्लासकट तोंडावर उडतं. (अंगावर पडलेल्या आम्लाला हे लागू नाही. तिथे पाण्याचा लोंढा उष्णता लगेच वाहून नेतो, तिथे पाणीच.) फडकं किंवा कागदही नको, आम्ल त्यातलं पाणी ओढून घेतं, ते काळं पडतं आणि हातात तुटतं.

आधी कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं हलकं खनिज) कडेने टाकून पसरणं थांबवा, मग वरून झाका. वाळू फक्त अडवते, शोषून घेत नाही. व्हर्मिक्युलाइट शोषतो, म्हणून दोन्ही ठेवलेली बरी. शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू घेऊ नका, ती आम्लात फसफसते. हा कोरडा लगदा प्लॅस्टिकच्या सुपलीने उचला. दुसऱ्या बादलीत अर्धी बादली थंड पाणी घ्या आणि लगदा त्यात चमचा-चमचा टाकत जा. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही, हा नियम इथेही तोच. पूर्ण मिसळल्यावर थोडा थोडा सोडा टाकून पीएच ६ ते ८ वर आणा. फरशीवर जो पातळ थर राहतो, त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाण्यातलं द्रावण शिंपडून पुसा.

पातळ नायट्राइल मोज्यांवर इथे भरवसा ठेवू नका. संहत सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल ते लवकर खातात. या कामासाठी निओप्रीनचे जाड, मनगटापलीकडे जाणारे मोजे वेगळे ठेवा.

नायट्रिक आम्लावर लाकडाचा भुसा, कागद, कापूस यांतलं काहीही टाकू नका. ते ऑक्सिडीकारक आहे, सेंद्रिय पदार्थ तापून पेटू शकतात. पोटॅशिअम परमँगनेटची कोरडी पूड सांडली तरी हेच. ती स्वच्छ सुपलीत वेगळी गोळा करा, ग्लिसरीन किंवा स्पिरिट सांडलेल्या कचऱ्यात टाकू नका. ग्लिसरीन आणि परमँगनेट एकत्र आले की थोड्या वेळाने ज्वाला निघते.

अल्कली

सोडिअम हायड्रॉक्साइडचं द्रावण फरशीला साबणासारखं निसरडं करतं, त्यामुळे पहिला धोका घसरून पडण्याचा. कडेने सायट्रिक आम्लाची पूड टाका. १ मोलर द्रावण १०० मिलिलिटर असेल तर साडेसहा ग्रॅम पुरते. इथे फसफसणं नसल्याने डोळ्याला काही कळत नाही, पीएच कागदाशिवाय पर्याय नाही. घन सोडिअम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या सांडल्या तर कोरड्याच, चटकन गोळा करा. त्या हवेतली ओल ओढून घेतात, काही मिनिटांत ओलसर होतात आणि पुढे दिसेनाशा पातळ थरात बदलतात.

पेट घेणारे द्रव

इथेनॉलच्या वाफा सुमारे १३ अंश सेल्सिअसला पेटू शकतात, ॲसिटोनच्या उणे २० ला आणि ईथरच्या उणे ४५ ला. म्हणजे साध्या खोलीत हे तिन्ही द्रव पेटायला फक्त ठिणगीची वाट बघत असतात. वाफा हवेपेक्षा जड असतात, त्या टेबलावरून, मग फरशीवरून सरपटत लांबच्या बर्नरपर्यंत पोचतात आणि ज्योत तिथून मागे धावत येते. जवळचं कुठलंही बटण लावू नका आणि बंदही करू नका, पंख्याचंसुद्धा नाही. दोन्हीत ठिणगी पडते. खिडक्या उघडा, शोषकाने द्रव टिपून घ्या आणि ते शोषक झाकणाच्या डब्यात घालून बाहेर न्या. स्पिरिटचे बोळे कचऱ्याच्या डब्यात टाकणं म्हणजे आग उद्यावर ढकलणं.

स्पिरिटचा दिवा कलंडून पेटला तर ओल्या जाड फडक्याने किंवा अग्निरोधक चादरीने झाका. भर उजेडात स्पिरिटची ज्योत जवळपास दिसत नाही, विझल्याची खात्री लांबूनच हाताचा मागचा भाग जवळ नेत उष्णता जाणवते का यावरून करा.

पारा

तापमापी फुटली की मुलं गोळ्यांशी खेळायला धावतात. आधी सगळ्यांना बाजूला करा, सोन्याचे दागिने काढायला लावा (पारा सोन्याशी मिसळतो), पंखा बंद, खिडकी उघडी. आतला द्रव लाल किंवा निळा असेल तर तो रंगवलेला अल्कोहोल आहे, घाबरू नका. चंदेरी असेल तर पारा.

झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. झाडूने एका गोळीच्या शंभर होतात, आणि व्हॅक्यूम क्लीनर गरम हवेबरोबर पाऱ्याची वाफ खोलीभर फेकतो. दोन जाड कार्डांनी गोळ्या हळूहळू एकत्र ढकला, त्या आपोआप एकमेकींत मिसळतात. मग ड्रॉपरने ओढून घट्ट झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवा. आता दिवे मंद करा आणि टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून न दिसलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या गोळ्या चांदण्यांसारख्या चमकतात. त्या चिकटपट्टीने उचला. फटीत गेलेल्यावर गंधकाची पूड टाका आणि दुसऱ्या दिवशी गोळा करा. गंधक फक्त पृष्ठभागावर बसतं, त्यामुळे दिसणारा पारा गोळा न करता नुसती पूड शिंपडू नका. बेसिनमध्ये एक थेंबही नको. तो नळीच्या वाकणात बसून वर्षानुवर्षं वाफ सोडतो.

गरम पट्टीवर किंवा भट्टीत पारा पडला असेल तर वाफ फार लवकर होते. तेव्हा काहीही गोळा करू नका, खोली रिकामी करा.

सोडिअम धातू

ओलं फडकं, पाणी, कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक, यांतलं काही नाही. कोरड्या चिमट्याने तुकडे उचलून पुन्हा द्रव पॅराफिनमध्ये टाका. पेटलं असेल तर भरपूर कोरडी वाळू. वाळूचा डबा झाकणाचा हवा. दमट वाळू सोडिअमवर टाकणं म्हणजे त्यावर पाणीच टाकणं.

काय कधीच मिसळू नये

फरशी चकचकीत करायला नंतर कुणीतरी ब्लीच घेऊन येतं. आम्लाच्या अवशेषावर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू निघतो, अमोनियावर पडलं तर क्लोरामाइन. सफाई करणाऱ्यांना स्वतः भेटून सांगा की त्या जागी फक्त पाणी वापरायचं.

पेटी

सगळं सामान एकाच बादलीत, दाराजवळ ठेवा. आम्लाच्या कपाटाशेजारी ठेवलं तर ऐन वेळी सांडलेलं ओलांडून जावं लागतं. २ किलो सोडिअम बायकार्बोनेट, ५०० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ५ किलो कोरडी वाळू, ३-४ लिटर व्हर्मिक्युलाइट, १०० ग्रॅम गंधकाची पूड, प्लॅस्टिकची सुपली आणि पट्टी, दुसरी बादली, लांब चिमटा, दोन प्रकारचे मोजे, दोन गॉगल, पीएच कागद, जाड पिशव्या, लेबलं, पाण्याने न पुसणारा पेन, टॉर्च, ड्रॉपर, जाड कार्डं, चिकटपट्टी. दर सहा महिन्यांनी उघडून बघा: सोड्याचे खडे झाले का, मोजे ताणल्यावर तडकतात का, टॉर्च लागतो का.

गोळा केलेल्या प्रत्येक पिशवीवर काय आहे, किती आहे आणि तारीख लिहा. पीएच ६ ते ८ आलेलं साधं आम्ल-अल्कलीचं मिश्रण भरपूर पाण्याबरोबर नाल्यात सोडता येतं. पारा, क्रोमेट, शिशाची लवणं, सेंद्रिय द्रावक हे वेगळ्या डब्यांत ठेवून घातक कचरा नेणाऱ्यांकडे द्या. मग रिकामा झालेला सोड्याचा डबा त्याच दिवशी भरा.